मुंग्या आलेल्या हाताशी थोडा वेळ

ज्यांना रात्री हाताच्या मुंग्यांनी जाग येते, ज्यांच्या पायातून चप्पल निसटते आणि चार पावलं गेल्यावर कळतं, ज्यांच्या हातून अलीकडे कप सुटतो, आणि ज्यांना डॉक्टरांनी ‘एकदा एनसीव्ही-ईएमजी करून घेऊ’ म्हणून नसांच्या आणि स्नायूंच्या तपासणीची चिठ्ठी दिली आहे, त्यांनी हे सावकाश वाचावं. एक परिच्छेद वाचावा, थांबावं, मग पुढचा. पाठ टेकून बसा. दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

आता उजव्या अंगठ्याच्या टोकाकडे लक्ष न्या. तिथे काय जाणवतं? ऊब, झिणझिण्या, की काहीच नाही? उत्तराची घाई नको. मग तर्जनी. मग मधलं बोट. अनामिकेपाशी जरा जास्त थांबा. तिच्या दोन्ही कडा डाव्या हाताने हलकेच चाचपून पाहा. अंगठ्यापासून अनामिकेच्या अलीकडच्या अर्ध्या भागापर्यंतची संवेदना मीडियन नस वाहून नेते, आणि ती मनगटातल्या अरुंद जागेतून जाते. पलीकडचा अर्धा भाग आणि करंगळी अल्नर नसेकडे. ती कोपराच्या आतल्या हाडामागून जाते. कोपर दारावर आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिणी धावते, ती हिचीच. एकाच बोटावर दोन नसांची हद्द आहे. म्हणून अनामिकेची एकच बाजू बधिर असणं ही डॉक्टरांच्या लेखी मोठी खूण ठरते.

‘सगळा हातच बधिर होतो’ असं आपण सांगतो, ते खोटं नसतं. अर्धवट झोपेत हात झटकताना बोटं कोण मोजतो? पण काळजी जशी अंगभर पसरते, तसा दोष सहसा पसरत नाही. त्याला जागा असते, प्रकार असतो, प्रमाण असतं. एनसीव्ही-ईएमजी तपासणी या तीनच गोष्टी शोधते. आज आपणही त्या तिन्हींपाशी बसू.

लक्ष आता पायाच्या अंगठ्यावर न्या. तो जमिनीवर हलकेच दाबा. दाब जाणवला, तो तुम्हाला त्याच क्षणी जाणवला असं वाटलं. खरं तर अंगठ्यापासून मेंदूपर्यंत यायला त्या संवेदनेला सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग लागला. कमरेच्या मणक्यांजवळ असलेल्या एकेका पेशीचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब होऊन अंगठ्यापर्यंत पोचलेला आहे. मधुमेहात हेच सर्वांत लांब तंतू आधी दुखावतात, म्हणून बधिरपणा बहुधा पावलांपासून सुरू होतो. या प्रवासाला वेळ लागतो हे माणसाला फार उशिरा कळलं. योहानेस म्युलर यांच्यासारख्या थोर शरीरशास्त्रज्ञाला हा वेग मोजता येईल असं वाटत नव्हतं. त्यांचेच विद्यार्थी हर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर तो मोजून दाखवला. तो सेकंदाला ३० मीटरच्या आसपास भरला. अंगठा पुन्हा एकदा दाबा. जे इतकी वर्षं न सांगता चालत आलं, त्याच्याकडे एक पूर्ण श्वास लक्ष द्या.

आता तपासणीची खोली मनात आणा. तुमचा हात गार असेल तर आधी तो ऊबदार करतील. गार हातातून संदेश खरोखरच हळू जातो आणि निरोगी नसही आजारी दिसू शकते. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे, त्यावर थोडी जेल लावून इलेक्ट्रोड चिकटवतील. मनगटावर दोन टोकांचं उपकरण टेकवतील. विजेचा झटका बसेल, सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतका छोटा. अंगठा उडेल. पडद्यावर एक लाट उमटेल. मग तोच झटका कोपराशी. अंगठा पुन्हा उडेल, लाट पुन्हा येईल, या खेपेला जराशी उशिरा. टेप लावून दोन्ही जागांमधलं अंतर मोजतील. समजा ते २२ सेंटीमीटर भरलं आणि लाटेला ४ मिलिसेकंद जास्त लागले, तर वेग झाला सेकंदाला ५५ मीटर. प्रौढ माणसाच्या हातात साधारण ५० आणि पायात ४० च्या वरचा वेग ठीक समजतात. मनगटापुढच्या एवढ्याशा अंतरात जर संदेश रेंगाळत असेल आणि वर कोपरापर्यंत वेग चांगला असेल, तर दाब मनगटातच आहे हे कळतं. जागा सापडली.

त्या उडालेल्या अंगठ्यापाशी थोडं थांबा. तुम्ही तो हलवायचं ठरवलं नव्हतं, तरी तो हलला. हाताची ताकद नुसत्या इच्छेवर चालत नाही. मधली वाट शाबूत असावी लागते. ‘जरा जोर लाव’ असं घरच्यांनी म्हटल्यावर ज्यांना अपराधी वाटलं असेल, त्यांनी ही गोष्ट मनात नीट मुरू द्यावी.

प्रकार कळतो तो त्याच लाटेवरून. तंतूवर मेदाचं आवरण असतं. ते झिजलं तर लाट उशिरा येते. आतला तंतूच गेला असेल तर लाट वेळेवर येते, पण बुटकी असते; किती बुटकी, यावरून प्रमाणाचा अंदाज येतो. हा फरक रुग्णासाठी फार मोलाचा आहे. आवरण पुन्हा तयार होऊ शकतं, बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. तुटलेला तंतू मात्र दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. कोपर ते बोटं ४० सेंटीमीटर धरले तर वर्षाहून जास्त. म्हणजे वाट किती पाहायची, याचा काहीएक अंदाज इथून येतो. ज्या हातावर आपण रोज चिडतो, त्याचा वेग दिवसाला १ मिलिमीटर असू शकतो, हे मनाला शांतपणे सांगा.

तपासणीचा दुसरा भाग सुईचा. इथे शॉक नसतो. बारीक सुई स्नायूत घालून डॉक्टर म्हणतात, ‘सैल सोडा.’ आणि यंत्राकडे कान लावतात. निरोगी स्नायू विश्रांतीत गप्प असतो. नसेशी संबंध तुटलेले स्नायूतंतू विश्रांतीतही आपोआप उसळत राहतात, पत्र्यावर थेंब पडावेत तसा आवाज करत. मग ‘हळूच दाबा’, मग ‘आता पूर्ण जोर’. आत्ता, इथेच, दंड सैल सोडून पाहा. खांदाही. सैल सोडणं जोर लावण्यापेक्षा अवघड जातं, हे लक्षात येईल. थोडा सराव असला की सुईचा त्रासही कमी होतो. सुई टोचते, दिवसभर ठणकही राहू शकते. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. त्या दिवशी हातापायांना तेल किंवा क्रीम लावू नका. उपाशी राहायची गरज नसते.

या तपासणीच्या मर्यादाही मनात असू द्या. नसेला इजा झाल्यावर स्नायूतली ती आपोआप उसळण्याची खूण दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या परिसरात ज्याचे रुग्ण अचानक वाढले, त्या गुलेन-बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजारातही पहिल्या काही दिवसांत रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो आणि तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणून पायांतली ताकद दिवसागणिक कमी होत असेल, जिना चढवत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना जड जात असेल, तर कुठल्याही तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शिवाय ही तपासणी फक्त जाड तंतूंची आहे. तळपायांची आग आणि सुया टोचल्यासारखी वेदना बारीक तंतूंमधूनही येते, आणि ते इथे दिसतच नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे त्रास मनाचा, असं कुणी म्हटलं तर ते मान्य करू नका. तुमचं दुखणं खरं आहे. त्याची जागा दुसरीकडे शोधायची आहे, एवढंच.

आता उठण्यापूर्वी एक काम करा. कोऱ्या कागदावर हात ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवा. त्रास पायांत असेल तर पाऊल. जिथे बधिर वाटतं तिथे रेघा मारा, जिथे मुंग्या येतात तिथे ठिपके द्या. खाली लिहा: रात्री जास्त की दिवसा, हात झटकल्यावर बरं वाटतं का, कधीपासून. त्याच्या खाली डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न लिहा. दोष नेमका कुठे आहे? आवरणाचा आहे की तंतूचा? आणि किती? हा कागद साखरेच्या आणि बी-१२ च्या रिपोर्टांबरोबर फाइलमध्ये ठेवा आणि तपासणीला घेऊन जा. ज्याची आजवर नुसती धास्ती होती, त्याबद्दल आता तुमच्याकडे नेमकं सांगण्यासारखं काही आहे.