फुलून मरणाऱ्या रोपाची निगा

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, अटलांटिकमध्ये, स्पेनची कॅनरी बेटं आहेत. त्यांतल्या टेनेरीफच्या उत्तर अंगाला ज्वालामुखीच्या खडकाचे उभे कडे समुद्रावर उतरतात आणि व्यापारी वारे त्यांच्यावर दमट, ढगाळ हवा आणून सोडतात. या कड्यांच्या फटींत एओनियम टॅब्युलीफॉर्मे ही मांसल वनस्पती वाढते. खोड जवळजवळ नाहीच. शंभराहून अधिक पानं एकमेकांवर अशी चापून बसलेली असतात, की कुणीतरी कड्याला हिरवं ताट चिकटवलंय असं वाटावं. पानांच्या कडांना बारीक लव असते.

दोन-चार वर्षांनी, वसंतात, ताटाचा मध्य वर उचलला जातो. त्याचा शंकू होतो, शंकूचा तुरा होतो, तुऱ्यावर फिकट पिवळी फुलं येतात. बी धरलं की रोप मुळासकट वाळतं.

असं मरणं एओनियमच्या गोतात नवं नाही. बहुतेक जातींत जी फांदी फुलते ती मरते. शेजारच्या न फुललेल्या फांद्या असतात म्हणून झुडूप टिकतं. आपल्या केळीचंही तेच. घड दिलेला खांब संपतो, पिलं पुढे चालू राहतात, आणि परसातली केळ मेली असं कुणी म्हणत नाही. टॅब्युलीफॉर्मेला सहसा फांदीही नसते आणि पिलंही नसतात. सारा ऐवज एकाच ताटात, म्हणून तेच मरण इथे उघड्यावर येतं.

कुंडीत झाडं लावणाऱ्यांना ते सोसत नाही. दांडा वर येताना दिसला की काहीजण कात्री घेऊन धावतात. उपयोग शून्य, कारण वाढीचा कोंब स्वतःच फुलोरा झालेला असतो. कापला तर रोप जातंच, वर बीही हातचं जातं. रोपवाटिकांनी यावर आपला तोडगा काढला आहे. या जातीचा ‘क्रिस्टाटा’ नावाचा वेडावाकडा प्रकार मिळतो. त्याचा कोंब एका बिंदूऐवजी रेषेत पसरतो आणि पानांची मुरडलेली झालर तयार होते. तो क्वचितच फुलतो आणि छाट कलमांनी वर्षानुवर्षं चालवता येतो. लोक तो हौसेने घेतात. मला तो पाहवत नाही. झाडाने मरू नये म्हणून त्याला फुलूच द्यायचं नाही, हा सौदा कुणाच्या सोयीचा आहे ते स्पष्ट आहे.

पानापासून रोप करणं त्याहून बरं. पानफुटी आपल्या ओळखीची. तीही मूळची बेटावरची, मादागास्करची. तिच्या पानाच्या कडेला रोपं फुटतात. इथे मात्र पान देठाच्या बुडापासून अलगद, अख्खं निघायला हवं, आणि तेही तुरा येण्याआधी. कोरड्या, भुसभुशीत मिश्रणावर ठेवलं की बुडाशी इवलं ताट धरतं. ते आईचंच अंग, पण वय पुन्हा शून्यापासून. म्हातारपण पेशीत साठलेलं नव्हतं, ते त्या ताटाच्या मांडणीत होतं, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं. बियांचं उलट आहे. बी धुळीसारखं बारीक, आणि जवळ दुसरं एओनियम फुललेलं असेल तर संकर सहज होतो. म्हणजे पान तीच व्यक्ती परत देतं, बी जात पुढे नेतं. कड्यावरच्या झाडाने आपला भार बियांवर टाकलेला आहे. हट्टाने तीच व्यक्ती धरून ठेवायची ओढ आपली.

आपल्याकडे हे रोप जगवणं सोपं नाही. त्याची वाढ थंड, ओल्या हिवाळ्यात होते आणि उन्हाळ्यात ते निजतं. आपला पाऊस नेमका त्या निजेवर कोसळतो. तेव्हा पावसाळ्यात कुंडी आडोशाला घ्या, पाणी अगदी बेताचं ठेवा. कुंडी थोडी कलती ठेवा. कड्यावर ताट उभं असतं, पाणी मध्यात साचत नाही. सपाट कुंडीत साचतं आणि मध्य कुजतो. रोपवाटिकेत वाढवलेलंच रोप घ्या, रानातून उपटलेलं नको. आणि तुरा आला तर येऊ द्या. वाळलेल्या तुऱ्यावर कागदी पिशवी बांधून बी जमवा, पाऊस सरून रात्री गार झाल्या की ओलसर मिश्रणावर नुसतं भुरभुरा. वर माती टाकू नका, त्याला उजेड लागतो.