खवट झालेलें मन

इंग्रजींत 'रँकर' असा एक शब्द आहे. नुसत्या रागाला त्या भाषेंत निराळे शब्द आहेत; हा शब्द फार दिवस मनांत धरून ठेविलेल्या आकसालाच लावितात. त्याचें मूळ लॅटिन आहे, आणि तें आपल्या घरांतील बायकांस समजावून सांगावें लागणार नाहीं. 'रांकोर' म्हणजे खवटपणा. शेतकीवर लिहिणाऱ्या पालादिउसानें तो शब्द वाईट वासासाठीं वापरिला आहे. मनालाहि तोच लागूं झाला. आपणहि तिरसट माणसाला खवट म्हणतोंच कीं!

आतां वाचकहो, विचार करा. दगड खवट होत नाहीं, पाणीहि होत नाहीं. तेल, तूप, खोबरें असें जें मुळांत चांगलें व पौष्टिक, तेंच फार दिवस राहून हवेनें व उष्णतेनें खवट होतें. आकसाचेंहि तसेंच आहे. समजा, विहिरीच्या पाळीवरून एका भावानें दुसऱ्यास फसविलें. फसलेल्यास राग आला, हें योग्यच झालें; न्यायाची चाड नसती तर राग आलाच नसता. (अशा माणसास आरंभींच 'गप्प बस' म्हणणारे उपदेशक मला पसंत नाहींत.) पण तो राग त्यानें भावाजवळ बोलून न दाखवितां वर्षानुवर्षें सांठविला, तर? बरणी न धुतां जुन्या तेलाच्या तळावर ताजें तेल ओतलें, तर तेंहि लवकर बिघडतें. मग भावाकडून लग्नाचें बोलावणें आलें, तरी त्यांत याला टोमणाच दिसतो.

'चूक त्याची, मग मीं कां जावें?' असें तो विचारील. प्रश्न खोटा नाहीं. परंतु बरणी कोणाच्या घरांत आहे?

पुढें ज्यानें पवित्र शास्त्राचें लॅटिन भाषांतर केलें, त्या जेरोमानें चौथ्या शतकांत कास्तोरिना नांवाच्या आपल्या मावशीस एक लहानसें पत्र लिहिलें. जुना आकस टाकून देऊं, असें सांगतांना त्यानें हाच शब्द योजिला आहे. सूर्य मावळण्यापूर्वीं राग सोडावा, हा इफिसकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायांतील बोध त्याला टोंचत होता. कारण त्या दोघांच्या रागावर एक दिवस नव्हे, पुष्कळ वर्षें सूर्य मावळला होता. भांडण कशावरून झालें, हें त्यानें लिहिलेलें नाहीं. कोणाचें किती चुकलें, याचा हिशेबहि मांडलेला नाहीं. वर्षापूर्वीं समेटाचें एक पत्र गेलें होतें, हें दुसरें.