परतीचा माल

चि. बाळ,


तुझं पत्र पोचलं. इंडोनेशियाच्या बंदरांवर निबंध लिहायचा आहे आणि सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. फार बरं वाटलं. माझ्या नोकरीची बरीच वर्षं त्या पाण्यात गेली, त्यामुळे त्या देशाबद्दल कोणी विचारलं की मला राहवत नाही.

तांजुंग प्रियोकचे आकडे तुझ्या पुस्तकात असतीलच. जकार्ताचं हे बंदर देशातलं सगळ्यांत मोठं. २०१८ साली तिथे वीस फुटी मापाचे ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले गेले. हे पाठ कर, परीक्षेला लागेल. पण सतरा हजारांहून जास्त बेटांचा देश एका बंदराच्या आकड्यांतून कळत नाही. मी प्रत्येक बंदरात एकच गोष्ट बघायचो. जहाज येताना काय घेऊन आलं आणि जाताना काय घेऊन गेलं?

पूर्व कालिमांतानचंच बघ. मी चीफ ऑफिसर असताना आमचं जहाज तिथे कोळशाला जायचं. समरिंडा हे गाव महाकाम नदीवर, बरंच आत आहे. नदीच्या मुखाशी गाळ असल्यामुळे सत्तर हजार टनी जहाज आत शिरत नाही. ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहतं. धक्का नाही, गोदी नाही, चहूकडे नुसता समुद्र. कोळसाच नदीतून खाली येतो. तीनशे फुटी सपाट बार्ज, त्यावर काळा डोंगर आणि पुढे ओढणारा एवढासा टग. एका बार्जवर साडेसात-आठ हजार टन माल, म्हणजे एक जहाज भरायला नऊ-दहा बार्ज लागतात. तरंगती क्रेन शेजारी लागली की तिचा जबडा रात्रंदिवस फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या माल भरायच्या कप्प्यात, कोळसा ओतत राहतो.

हा कोळसा ओलसर असतो आणि हवा लागली की आतल्या आत तापतो. ५५ अंशांच्या वर तापलेला माल जहाजात घ्यायचा नाही, असा नियम आहे. म्हणून बार्जवर उतरून, ढिगावर चढून, ठिकठिकाणी थर्मामीटर खुपसून बघायचं. पायाखाली गरम लागतं, नाकाला जळकट वास येतो. जहाज सुटल्यावरही रोज प्रत्येक फाळक्यातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचा. भरणी संपली की होडीतून जहाजाला फेरी मारायची आणि नाळेवर, मध्यावर, पिछाडीला रंगवलेले आकडे वाचायचे. जहाज किती बुडालं त्यावरून माल किती भरला ते काढतात. लाटेवर पाणी वर-खाली होत असताना मधला आकडा धरायला नजर लागते. तिथे वीतभर चूक म्हणजे हजारभर टनांचा घोळ.

तो कोळसा आपल्या किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रांत जळतो. आणि आम्ही तिकडे जाताना काय न्यायचो? टाक्यांत समुद्राचं पाणी, जहाज स्थिर राहावं म्हणून. फाळके रिकामे.

आता याच्या बरोबर उलटं बघायचं तर जावातल्या सुराबायाला जा. तिथल्या तांजुंग पेराक बंदरातून पूर्वेच्या मालुकू आणि पापुआकडे सिमेंट, तांदूळ, नूडल्स, औषधं, सगळं भरभरून जातं. परत येताना थोडं खोबरं, थोडी मासळी, थोडा मसाला आणि बाकी रिकामे कंटेनर. रिकामा कंटेनर फुकट येत नाही. त्याच्या परतीचं भाडं जाताना नेलेल्या मालावरच बसतं आणि ते भरतो पापुआतला गरीब माणूस. सिमेंटची तीच गोणी तिथल्या डोंगरात जावाच्या कितीतरी पट महाग पडते. ही महागाई कमी व्हावी म्हणून तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांच्या सरकारने २०१५ पासून 'तोल लाउत' (सागरी महामार्ग) योजनेत ठरावीक मार्गांवर सरकारी मदतीची जहाजं सुरू केली. माझ्या मते ते योग्यच होतं, पण पुरेसं नव्हतं. पूर्वेच्या बेटांवर शीतगृहं आणि मासळी प्रक्रियेचे कारखाने होत नाहीत, तोवर जहाजाला परतीचा माल मिळणार कुठून?

पूर्वेच्या बेटांवरून जहाजं पूर्वापार अशी रिकामीच परतत होती असं समजू नकोस. डच येण्याआधी जायफळ फक्त मालुकूतल्या बांदा बेटांवर व्हायचं. बांदाचे लोक स्वतःची गलबतं घेऊन मलाक्कापर्यंत जायचे. जावाचे व्यापारी त्यांच्याकडे तांदूळ आणायचे, खंबायतचं आणि कोरोमंडलचं कापड आणायचे आणि जायफळ-जायपत्री न्यायचे. बेटांवर धान्य पिकत नव्हतं, तरी गलबत दोन्ही वेळा भरलेलं असायचं आणि भाव करायला दहा गिऱ्हाईकं असायची. डच ईस्ट इंडिया कंपनीला एकच गिऱ्हाईक हवं होतं, ती स्वतः. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून फौज घेऊन आला. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतले बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम झाले. मग बागांचे तुकडे पाडून डच मळेवाल्यांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले. जायफळ पुढेही पिकलं. व्यापार मात्र बांदाच्या माणसांचा राहिला नाही. हे वाचताना मला अजूनही संताप येतो आणि तुलाही यावा असं वाटतं.

पामतेलाचं थोडक्यात सांगतो. सुमात्रातल्या दुमाई आणि बेलावान बंदरांतून ते टाकीच्या जहाजांत भरतात आणि थिजू नये म्हणून वाटेत गरम ठेवतात. २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने त्याची निर्यात थांबवली, कारण त्यांच्याच लोकांना ते परवडेना. मे महिन्यात बंदी उठली. पण तेवढ्या काळात आपल्याकडच्या फरसाणवाल्यांपासून बिस्किटवाल्यांपर्यंत सगळ्यांची झोप उडाली होती.

कधी जकार्ताला जायला मिळालं तर तांजुंग प्रियोकच्या आधी सुंदा केलापाला जा. हे जुनं बंदर. सुएझ कालवा झाला, मोठी आगबोट आली, तिला इथलं गाळाचं पाणी पुरेना, म्हणून नवं बंदर बांधलं. जुन्यात अजून बुगिस लोकांची लाकडी जहाजं ओळीने नाळ लावून उभी असतात. दक्षिण सुलावेसीचे कारागीर ती बांधतात, आधी फळ्या जोडून कवच आणि मग आत फासळ्या. २०१७ मध्ये युनेस्कोने त्या कौशल्याची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. ही जहाजं कालिमांतानचं लाकूड आणायची आणि सिमेंट, किराणा घेऊन परतायची. सकाळी लवकर जा. खलाशी अरुंद फळीवरून पाठीवर गोणी घेऊन चढत असतात, त्यांच्या वाटेत उभी राहू नकोस. काम थांबलं की तांडेलाला विचार, आता परत येताना काय मिळतं. जे सांगेल ते वहीत उतरव.

निबंधाचा कच्चा खर्डा मला पाठव. बांदाचा भाग लांबला तरी कापू नकोस, शब्दमर्यादा आडवी आली तर तांजुंग प्रियोकचे आकडे कमी कर.

तुझे
आजोबा