हातानं केलेलं, पण कुणाच्या?

माझ्या वहीला दोन बाजू आहेत. डाव्या पानावर हिशोब, उजव्या पानावर बडबड. डावीकडे 'पांढरा अॅक्रिलिक, १ बाटली' किंवा 'कुरिअर, पुणे, ६५ रुपये' असलं काहीतरी असतं. उजवीकडे त्या दिवशी काय झालं ते. नमुन्यादाखल: 'आज मांजर ओल्या रंगावरून चालत गेली. पंज्याच्या ठशासकट तो बुकमार्क दीडशेला गेला. गिऱ्हाईक म्हणालं, किती युनिक! मांजरीला दूध पाजलं. तिचं कमिशन.'

मी शहाद्यात राहते. नंदुरबार जिल्ह्यातला हा तालुका केळी-पपईसाठी ओळखला जातो, बुकमार्कसाठी नाही. तरी चार वर्षांपासून मी कापडी पिशव्या, मातीच्या पणत्या आणि बुकमार्क रंगवून इन्स्टावर विकते. सगळ्यात जास्त काय खपतं, तर वारली. गेरूच्या रंगाची पार्श्वभूमी, पांढरी रेघ, दोन त्रिकोण जोडून माणूस, गोल धरून नाच. एका बुकमार्कला दीडशे रुपये. त्यातले १८ सामानाचे, १२ पॅकिंगचे. उरले १२०. एकाला दीड तास लागतो, म्हणजे तासाला ८० रुपये. हे गणित ऐकून आई म्हणाली, "काय वं माय, यापेक्षा शिकवण्या घे." मी घेत नाही. का घेत नाही, हे उजव्या पानावर अनेकदा लिहिलंय आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या दीड महिना आधी एका शहरातल्या कंपनीची ऑर्डर आली. गिफ्ट बॉक्समध्ये घालायला २०० बुकमार्क, नगाला ९० रुपये. एकूण १८ हजार. पॅकिंग त्यांचं. काठाची नक्षी फोमच्या ठशानं मारली तर एक नग पाऊण तासात होतो, म्हणजे तासाला ९६ रुपये. मी इतकी खूश झाले की डाव्या पानावरसुद्धा बदामाचं चित्र काढलं.

मग त्यांनी सोबत द्यायच्या कार्डाचा मजकूर पाठवला: 'नंदुरबारच्या आदिवासी भगिनींनी हाताने चितारलेली पारंपरिक वारली कला.'

वाक्य एकच, पण त्यात पाहा काय काय आहे. मी आदिवासी नाही. 'भगिनी' म्हणजे मी आणि काठाला ठसे मारणारा माझा धाकटा भाऊ. वारली ही नंदुरबारची परंपरा नाही. ती पालघरकडची, डहाणू-तलासरी-जव्हारची. इथून तिथं जायचं तर सुरतेला गाडी बदलावी लागते. 'हाताने' एवढं खरं, तेही फोमचा ठसा माफ केला तर.

पण त्यांना हे सुचलं कुठून? माझ्याच पेजवरून. तिथं मी चार वर्षं प्रत्येक फोटोखाली नंदुरबार, ट्रायबल, वारली असे तीन टॅग लावत होते. खोटं असं एकही वाक्य मी लिहिलं नव्हतं. तीन खरे शब्द शेजारी शेजारी ठेवले होते, आणि बघणाऱ्यानं त्यांची बेरीज केली. २०११च्या जनगणनेनुसार आमच्या जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची. मुंबई-पुण्यातल्या माणसाला 'नंदुरबार' आणि 'आदिवासी' एकदम ऐकायची सवय आहे. माझी बेरीज चुकणार नाही, हे मला माहीत होतं.

*

मी आधी स्वतःची वकिली केली. कला कुणाच्या मालकीची नसते. पावभाजी करायला मुंबईत जन्मावं लागतं का? शिवाय परंपरा म्हणजे तरी काय? वारली चित्रं मुळात लग्नात भिंतीवर, तांदळाच्या पिठानं, सवाष्णी काढायच्या. चौक लिहायचा, त्यात पालघट देवी. ते विधीचं काम होतं. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाच्या मराठी चित्रकारानं ही चित्रं बाहेरच्या जगापुढे आणली. भिंतीवरची चित्रं कागदावर आली, कागद विकता येऊ लागला. जिव्या सोमा मशे यांनी तर बायकांचं मानलेलं हे काम पुरुष असून केलं, विधी नसताना केलं, रोज केलं. त्यांची चित्रं परदेशात पोहोचली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे आपण ज्याला पारंपरिक म्हणतो, त्याचं आजचं रूपच मुळात एका माणसानं नियम मोडून घडवलंय. मग मी आणखी एक नियम मोडला तर बिघडलं कुठं?

हा युक्तिवाद मला फार आवडला. रात्री अकरा वाजता आवडलेले युक्तिवाद सकाळी एकदा बघावेत.

सकाळी लक्षात आलं की मशे यांनी काय काढायचं, कुठं काढायचं हे बदललं. आपण कोण आहोत हे बदललं नाही. चित्राखाली त्यांचं नाव होतं. नियम मोडणारा माणूस समोर उभा होता, कुणाला पटलं नाही तर भांडता येईल असा. माझ्या कार्डावर कोण उभं होतं? 'भगिनी'. अस्तित्वातच नसलेल्या बायका. त्यांच्याशी भांडणार कसं?

कायदाही थोडाफार हेच सांगतो. वारली चित्रांना २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे कुणाला त्रिकोणी माणूस काढायची बंदी झालेली नाही. पण जो माल त्या भागातून आलेला नाही, तो तिथलाच आहे असा समज करून देऊन विकणं त्यात बसत नाही. कायद्याचा आक्षेप माझ्या ब्रशला नव्हता. लेबलला होता.

*

आमच्या शेजारी धडगावकडच्या एक पावरा मावशी भाड्यानं राहतात, मुलीच्या शाळेसाठी. त्यांची मुलगी नववीत आहे. ती माझ्याकडे रंग ढवळायला येते. त्या दिवशी तिनं मोबाइलवरचा मजकूर मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "ताई, या आदिवासी भगिनी म्हणजे कोण? आम्ही का?"

मी काहीतरी पुटपुटले.

"मग आम्हाला पण द्या ना काम," ती म्हणाली.

ती चिडलेली नव्हती. टोमणाही नव्हता. तिला खरंच काम हवं होतं.

आणि मला एकदम सुटका दिसली. द्यावं की काम! मावशींना ब्रश दिला की कार्डावरचं वाक्य खरं होईल. नंदुरबार, आदिवासी, भगिनी, हात; चारही बरोबर. मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "शिकवशील तर काढेन. पण ही माणसं आमच्याकडची नाहीत. असं कुणी काढत नाही तिकडे." मग लगेच, "नगाला किती देशील?"

मी डावं पान उघडलं. ९० मधून सामान गेलं की उरतात ७२. मावशींना ४०, मला ३२. ३२ कशाचे? ऑर्डर आणल्याचे, इंटरनेट असल्याचे, जीएसटीचा फॉर्म भरता येतो त्याचे. म्हणजे जिच्या नावावर माल खपणार, ती पाऊण तास वाकून ४० घेणार; आणि मी न वाकता ३२. शिवाय ती काढणार ते तिचं नाहीच. डहाणूच्या लोकांचं, माझ्याकडून शिकलेलं. वाक्य शब्दागणिक खरं झालं असतं आणि अर्थानं आधीपेक्षा जास्त खोटं.

*

मग दुसऱ्याच्या नक्षीला हातच लावायचा नाही का? असं म्हणणारे लोक आहेत, पण आमच्या बाजारात ते टिकत नाही. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. त्या गर्दीत पावरा बायकांच्या अंगावरची चांदी बघा. लांबून ओळखू येते ती. पण ती घडवतो कोण? बाजारपेठेतला सोनार, आणि तो बहुधा पावरा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या तो दुसऱ्या समाजाचे दागिने घडवतो. त्याला कुणी चोर म्हणत नाही, आणि तो चोर नाहीही.

का नाही, यावर मी उजव्या पानावर बराच वेळ घालवला. मला दोन कारणं सापडली. एक, नक्षी कशी हवी हे घालणारी बाई ठरवते. आवडलं नाही तर ती 'नको' म्हणते आणि पुढच्या दुकानात जाते. दोन, सोनार स्वतःला पावरा म्हणवत नाही. तो वजन सांगतो, घडणावळ सांगतो, भाव सांगतो. हात माझा, नक्षी तुमची. दोन्ही गोष्टी दोघांनाही माहीत.

माझ्या धंद्यात यातलं काहीच नव्हतं. ज्यांची चित्रं, ते मला 'नको' म्हणू शकत नव्हते. त्यांना मी आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना विकत होते, त्यांना हात कुणाचा हे ठाऊक नव्हतं.

याच होळीत दुसरीही एक गोष्ट दिसते. अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या होळीला नवस केलेले पुरुष बुध्या होतात. अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू. ते दिवस कडक नियमांचे असतात. इतकं देखणं हस्तकाम जिल्ह्यात दुसरं नाही. लोक फोटो काढतात, रील करतात. एकदा माझ्या शेजारी उभा असलेला पाहुणा म्हणाला, "हा टोप विकत मिळेल का?" ज्याला विचारलं तो हसला आणि नाचत पुढे गेला. मला तेव्हा पाहुण्याची गंमत वाटली होती. पण चार वर्षं मी वेगळं काय करत होते? कुणाच्या तरी लग्नातला चौक पुस्तकात पान अडकवायला विकत होते.

विकू नये असं मी म्हणत नाहीये. डहाणूकडचे शेकडो चित्रकार आज तीच चित्रं विकून घर चालवतात, आणि त्यांच्या चित्रांत रेल्वेही येते, विमानही येतं. काय विकायचं आणि काय भिंतीवर ठेवायचं हे त्यांनी त्यांचं ठरवलंय. पुन्हा तेच: 'नको' म्हणायचा हक्क कुणाकडे आहे?

*

मी कंपनीला नवा मजकूर पाठवला: 'वारली ही पालघर जिल्ह्यातल्या वारली समाजाची चित्रकला. मी शहाद्याची, ती बघून शिकले. हे बुकमार्क मी आणि माझ्या भावानं रंगवलेत.' उत्तर दोन दिवसांनी आलं, सभ्य होतं. कामाबद्दल आदर आहे, पण यात स्टोरी बसत नाही. ऑर्डर रद्द. मला हायसं वाटलं, पुढच्या मिनिटाला १८ हजार आठवले आणि हायसं वाटणं थांबलं.

संध्याकाळी मुलगी रंग ढवळायला आली. तिला सांगितलं.

"म्हणजे काम गेलं?" ती म्हणाली.

हा भाग मला आजही नीट लिहिता येत नाही. मी खरं बोलले, मला बरं वाटलं; आणि त्या बरं वाटण्याची किंमत थोडी तिच्या घरानं भरली. २०० नगांचे ४० प्रमाणे आठ हजार. मी मावशींना तोंडावर 'बघू' म्हटलं होतं, आणि गरजेच्या घरात 'बघू' हा शब्द 'हो' असाच ऐकू येतो. खरेपणा चांगला, पण तो परवडणाऱ्यानं आपल्या पैशातून करावा. मी तो दुसऱ्याच्या मजुरीतून केला होता.

*

डिसेंबरमध्ये सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा भरली. तापीकाठी घोड्यांचा बाजार. मी एक टेबल लावलं, या वेळी घोड्यांचे बुकमार्क घेऊन. माझेच घोडे, माझ्याच रेषा, थोडे लंगडे. सोबत केळीचे ट्रक आणि नंदुरबारबाहेर वाळत घातलेल्या मिरचीचे लाल पथारे. प्रत्येकाच्या मागे माझं नाव आणि गाव.

एक घोडेवाला आला. बाजारात घोडा बघतात तसाच त्यानं बुकमार्क बघितला. दात बघायला तोंड उघडायचं तेवढं राहिलं. म्हणाला, "ताई, मागचा पाय चुकलाय. असा उभा राहिला तर पडेल." कुणी काढलं, कुठल्या जमातीचं, स्टोरी काय, काही विचारलं नाही. घोडा बघितला आणि नापास केला. घेतला नाही.

चार वर्षांत माझं चित्र इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं.

टेबलावर मावशी दोन दिवस बसल्या होत्या. मी आधीच विचारलं होतं, किती घ्याल. त्या म्हणाल्या, दिवसाचे ४००. मी ३५० म्हणून बघितलं. त्या "नको" म्हणाल्या.

त्या दिवसाचं डावं पान: 'विक्री, ११ नग, १,६५०. मावशी, २ दिवस, ८००. टेबलभाडं, ३००. एसटी, १२०. शिल्लक ४३०, सामान वेगळं.'

उजवं पान: 'मागचा पाय पुन्हा काढणे.'