चोरण्यासारखं आहेच काय?

 आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या काकांनी पाहुण्याला जिन्यातूनच ओरडून वायफायचा पासवर्ड सांगितला. आडनाव, पुढे एक-दोन-तीन-चार. मी टोकलं, तर म्हणाले, ‘‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?’’

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मग सेफ्टी डोअर कशाला? लॅच असताना वर कडी कशाला? तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांना ग्रिल कुणासाठी? गावाला जाताना कुलूप तीनदा ओढून बघणारा हा माणूस. त्याच्याच घरात चपलांच्या रॅकवर राउटर धूळ खात लुकलुकतो आणि पाठीवरच्या स्टिकरवरचा ॲडमिन पासवर्ड अजून कंपनीने दिला तोच आहे!

घुसखोराला तुमचं सामान नको असतं, तुमचा पत्ता हवा असतो. घरातल्या कुठल्याही फोनवरून काहीही पाठवलं, तरी बाहेर दिसतो तो राउटरचा एकच आयपी पत्ता. पोलीस येतात ते कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्या दारात. 26 जुलै 2008 आठवा. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना धमकीचा ईमेल आला. माग निघाला थेट नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकी भाडेकरूच्या घरापर्यंत. त्याचं वायफाय उघडं होतं, ते दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. अहमदाबादेत पन्नासहून अधिक माणसं गेली. आणि सानपाड्याच्या त्या घरातून चोरीला काय गेलं होतं? काहीच नाही.

‘वेळ नाही’, ‘मुलगा आला की बघेल’ वगैरे सोडून द्या. काम अर्ध्या तासाचं. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. वायफायला लांबलचक, आडनाव नसलेला पासवर्ड द्या. सुरक्षेत डब्ल्यूपीए-2 किंवा डब्ल्यूपीए-3 निवडा. बटण दाबून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करा, तिच्या आठ आकडी पिनमधली खोट 2011 मध्येच उघड झाली आहे. आणि राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा. ‘चालतंय की’ असं म्हणू नका. चालत नाही.

शेजारधर्म सोडा, असं मात्र मी म्हणणार नाही. समोरच्या मुलीला परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल, तर जरूर द्या. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क असतं, त्याचा पासवर्ड द्या आणि काम झालं की बदला. आपल्या नावावरचं दार कुणासाठी उघडलं, एवढं आपल्याला ठाऊक हवं.

रविवारी सकाळी मी काकांकडे जाऊन बसणार आहे. तुम्हीही तुमच्या जिन्यातल्या एका घरी जा.