यजमानाचा धर्म

तेलंगणातल्या कल्लेडा गावची दीप्ती जीवनजी सूर्यग्रहणात जन्मली, असे घरचे सांगतात. बौद्धिक अपंगत्व घेऊन आलेल्या या मुलीवरून गावाने आईवडिलांना टोमणे मारले. तिनेच २०२४ मध्ये जपानमधल्या कोबे येथे तिच्या गटाच्या ४०० मीटर शर्यतीत ५५.०७ सेकंदांचा विश्वविक्रम केला. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तिला कांस्यपदक मिळाले आणि २०२५ मध्ये मायदेशी, दिल्लीच्या जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत रौप्यपदक.

ग्रहणात गर्भवतीने विळीला हात लावू नये, नाहीतर बाळाला व्यंग येते, ही समजूत बुलडाणा जिल्ह्यालाही परकी नाही. त्याहून खोलवर रुतलेला प्रश्न पूर्वजन्मीच्या पापाचा. कर्मसिद्धांत माणसाला स्वतःच्या कृतीचा जाब विचारतो. दुसऱ्याचे शरीर पाहून त्याच्या मागल्या जन्माचा निवाडा करण्याचा अधिकार तो कोणालाच देत नाही. आठ ठिकाणी वाकलेल्या अष्टावक्रापुढे जनक राजा शिष्य होऊन बसला, असे आपलीच परंपरा सांगते.

पाप म्हणणे सोडले की दया येते, आणि तिथे पुण्य जोडण्याचा मोह असतो. पण अपंग खेळाडूला पाहुणचार हवा असतो. तो नाकारल्याची उदाहरणे जगात आहेत. १९६८ मध्ये मेक्सिकोने पॅरालिम्पिकचे यजमानपद घेतले नाही. स्पर्धा इस्रायलने भरवली. १९७२ मध्ये म्युनिकच्या क्रीडाग्रामातली घरे ऑलिम्पिकनंतर खासगी वापरासाठी द्यायची ठरली होती, म्हणून पॅरालिम्पिक हायडेलबर्गला गेले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी तिथेच ५० मीटर पोहण्यात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिले. १९८० मध्ये मॉस्कोनेही पाठ फिरवली. ऑलिम्पिकच्याच शहरात पॅरालिम्पिक भरवण्याची सलग परंपरा १९८८ च्या सोलपासूनची.

भारताने मात्र यजमानपद स्वीकारले: दिल्लीच्या जागतिक स्पर्धेत २७ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर २०२५ या काळात शंभरावर देशांचे खेळाडू उतरले. अशा स्पर्धेत समता कशी घडवतात, हे तिथल्या नियमांतून कळते. अपंगत्वाच्या प्रकारानुसार गट पाडतात, कारण भेद मान्य केल्याशिवाय लढत न्याय्य होत नाही. पूर्ण अंधांच्या गटात सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे किंचित दिसणाऱ्यालाही फायदा नको. अंध धावपटूच्या हाताला दोरीने जोडलेला सोबती त्याला ओढू शकत नाही. सोबत्याने अंतिम रेषा आधी ओलांडली, तर धावपटू बाद होतो.

सेवेची इतकी काटेकोर व्याख्या धर्मग्रंथांतही क्वचित सापडेल. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीने, वेतन न घेता राबतात, तिथल्या माणसांना ती लगेच उमगेल. मदत करणाऱ्याने पुढे जायचे नाही, ओढायचे नाही, पण सोबतही सोडायची नाही.

पाहुण्यासाठी अंगण झाडणे ही यजमानाची पहिली जबाबदारी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करणे बंधनकारक केले आहे; म्हणजे हे काम आता कोणाच्या दयेवर सोडलेले नाही. बुलडाण्यातल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी, तालुका क्रीडा संकुलांनी आणि शाळांनी आपापल्या पायऱ्यांशेजारी उतार आहे का, चाकाची खुर्ची मैदानापर्यंत पोहोचते का, हे येत्या शिबिराआधी, येत्या यात्रेआधी तपासावे, आणि तपासताना गावातल्या एका अपंग मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्यावे.