संस्कार म्हणजे दुरुस्तीसुद्धा



आजचा प्रश्न आपल्या घराघरांतला आहे. समजा, घरातली मुलगी म्हणाली, "बी.एस्सी. झाल्यावर मला खगोलशास्त्र शिकायचंय." धार आणि देवासच्या मध्ये आपलं इंदूर, आणि तिथल्या आयआयटीत खगोलशास्त्रात एम.एस्सी. करता येतं. म्हणजे विद्या दाराशीच आली आहे. पण घरात दोन काळज्या सुरू होतात. बाबा म्हणतात, नोकरीचं काय? आजीच्या मनात येतं, एवढं शिकून पोरगी देवाधर्माला नावं ठेवू लागली तर?

पहिली काळजी खोटी नाही. एम.एस्सी.नंतर पीएच.डी., मग संशोधन, असा हा लांबचा रस्ता आहे. घरानं हिशोब मांडून, मोकळं बोलून ते ठरवावं. दुसरी काळजी जास्त खोल आहे, म्हणून आज तिच्याविषयी.

संक्रांतीला आपण म्हणतो, आजपासून उत्तरायण. शिकलेली नात म्हणते, "आजी, सूर्य तर २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळला!" तिचं म्हणणं खरं आहे. देवासहून उज्जैन जवळच. तिथल्या वेधशाळेतल्या शंकुयंत्राची दुपारची सावली २१-२२ डिसेंबरला सर्वांत लांब पडते आणि मग दिवसेंदिवस आखडत जाते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचं मकर राशीत जाणं आणि उत्तरेकडे वळणं साधारण एकाच सुमारास होत असे. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार हळू डोलतो. त्यामुळे दर ७२ वर्षांत साधारण एका दिवसाचा फरक पडत गेला. आज तो २३-२४ दिवसांचा झाला आहे.

मग हा फरक बोलून दाखवणं म्हणजे वाडवडिलांचा अपमान आहे का?

याचं उत्तर आपल्या धारेतच आहे. राजा भोजाच्या नावावर 'राजमृगांक' हा ज्योतिषगणिताचा ग्रंथ आहे, शके ९६४ चा, म्हणजे इ.स. १०४२ चा. त्याचा आधार ब्रह्मगुप्ताचं गणित, जे इ.स. ६२८ मधलं. घड्याळ रोज एक सेकंद मागे पडलं, तर वर्षात सहा मिनिटं मागे जातं. तसंच चारशे वर्षांत गणितानं येणारे ग्रह आणि आकाशात दिसणारे ग्रह यांत फरक पडला होता. या ग्रंथानं ब्रह्मगुप्ताला टाकून दिलं नाही, आणि त्याचे आकडे डोळे मिटून घेतलेही नाहीत. पद्धत त्याचीच ठेवली, वर दुरुस्ती जोडली. ज्योतिषगणितात अशा दुरुस्तीला 'बीजसंस्कार' म्हणतात.

शब्द नीट ऐका: संस्कार. मुलांवर संस्कार हवेत असं म्हणताना आपल्या मनात असतं, की मोठ्यांचं जसंच्या तसं पुढे न्यावं. जुन्या गणितींनी मात्र हाच शब्द दुरुस्तीसाठी वापरला.

कोणी विचारेल, असं सगळंच तपासत बसलं तर श्रद्धा उरेल कुठे? शंका रास्त आहे. पण सावली मोजता येते, ती मोजावी. गुरूंवरचा विश्वास पट्टीनं मोजायचा नसतो, तो आपल्या वागण्यात दिसतो. या दोन गोष्टींची गल्लत केली, की मुलं घरात खरं बोलायला घाबरतात. आजीची खरी भीती नात दुरावण्याची आहे. आणि नात गप्प बसायला लागली, की ती दुरावलीच.

डॉ. जयंत नारळीकरांचं घर आठवा. वडील काशीला विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या विदुषी. दोन्ही विद्या एकाच घरात नांदल्या. मुलगा केंब्रिजला शिकला, परत आला आणि १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभी केली. फलज्योतिषाला विज्ञान म्हणू नये, हे ते अगदी स्पष्ट सांगत. मे २०२५ मध्ये ते गेले, पण शाळकरी मुलांसाठी सोप्या मराठीत लिहिलेली त्यांची पुस्तकं आहेतच.

तेव्हा दोन्ही बाजूंना विनंती. शिकणाऱ्यांनो, आधी मेहनत घ्या. ज्यांचं गणित दुरुस्त करायचंय, ते आधी पूर्ण समजून घ्या, आणि आजीला चारचौघांत खाली पाहायला लावू नका. मोठ्यांनो, "फार शिकलीस!" म्हणून तिचं तोंड बंद करू नका. तिच्या हातात पत्रिकाही देऊ नका; तिचं शास्त्र वेगळं आहे.

या वर्षी एक करून पाहा. गच्चीवर एक काठी सरळ उभी करा. २१ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत, दर आठवड्याला, दुपारी बारा ते एकच्या दरम्यान सावली सर्वांत आखूड होईल तिथे खडूनं खूण करा. आजी आणि नात, दोघींनी मिळून. संक्रांतीचा तिळगूळ नेहमीसारखाच वाटा. गोड बोलायला त्या दिवशी सांगतातच. त्यात खरंही बोलता आलं, तर सण जास्त गोड होईल.

जय गुरुदेव. 🙏